येळवसच्या तारखेचा कागद

१

इरम्मा मेली मंगळवारी, आणि तिला मारणाऱ्या इमारतीची फाइल गायब झाली बुधवारी. हुलसंगीच्या नगरपालिकेत माणसापेक्षा फाइलचा दुखवटा मोठा असतो, म्हणून बुधवारपासून सगळं ऑफिस तोंड पाडून बसलं होतं.

मेली ती अशी. बसस्टँडसमोर बाबूलालचं तीन मजली कॉम्प्लेक्स उठत होतं. एप्रिलचं ऊन, दुपारचे बारा. वाळूची पाटी बाजूला ठेवून इरम्मा सज्जाखाली सावलीला बसली, भाकरीचं फडकं सोडलं, आणि वरून अख्खा सज्जा अंगावर आला. बाबूलालनं संध्याकाळच्या आत पडक्या भागावर हिरवी जाळी लावली. ‘गाळ्यांचे बुकिंग चालू आहे’ हा बोर्ड मात्र जाळीच्या वर दिसेल असा सरकवून बांधला. थू असल्या जिंदगीवर!

शुक्रवारी फाइल सापडली म्हणे, कपाटामागं पडलेली. गेली तेव्हा वीतभर जाड होती, आली तेव्हा तिच्यात दोनच कागद होते. एक बांधकामाची परवानगी आणि दुसरा ज्युनिअर इंजिनिअर शैलश्रीच्या सहीचा तपासणी अहवाल: सळई बघितली, सज्जा बघितला, सगळं नियमाप्रमाणे आहे, स्लॅब टाकायला हरकत नाही. शैलश्री त्याच दिवशी निलंबित झाली. येत्या गुरुवारी चौकशी होती, आणि चौकशीत तो कागद टिकला की पोलीस तिला उचलणार, हे चहाच्या टपरीवाल्यालाही ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी ती गुंडेरावांच्या दारात येऊन उभी राहिली. गुंडेराव म्हणजे नगरपालिकेच्या आवक टेबलावर बत्तीस वर्षं घासलेला माणूस. आलेल्या प्रत्येक कागदावर नंबर टाकून तो रजिस्टरला चढवायचा, एवढंच काम; पण गावात कुणाची भिंत कुणाच्या जागेत घुसलीय ते त्यांना झोपेत विचारा. निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. सकाळी ते आपल्या घराच्या सज्जाखाली खुर्ची टाकून बसत. चांगला ऐसपैस सज्जा होता, गल्लीवर पुढं आलेला, वर त्यांच्या बायकोची, राजूबाईंची तुळस.

“काका, मी त्या बिल्डिंगीला काम बंद करायची नोटीस दिलती,” शैलश्री म्हणाली. ती कमठाण्याची, बाप शेतकरी, नोकरीला दोनच वर्षं झालेली. “परवानगी दोन मजल्यांची, आन् तिसरा चढवायलेत. सज्जा तर नकाशातच न्हाई. जानेवारीच्या सतरा तारखेला मी स्वतः भिंतीला कागद चिकटवून आले. त्याची प्रत फाइलीत होती. आता फाइलीत हे हाय.”

तिनं झेरॉक्स पुढं केली. गुंडेरावांनी चष्मा लावून कन्नडातला तो छापील फॉर्म वर-खाली वाचला. तारीख तीस डिसेंबर. खाली ठसठशीत सही.

“मग भीती कशाची? सही खोटी हाय म्हणून सांग. तपासू दे तज्ज्ञाला.”

शैलश्रीनं मान खाली घातली. “सही माझीच हाय, काका.”

२

नोव्हेंबरात तिला ट्रेनिंगसाठी कलबुर्गीला धाडलं होतं. जाताना तिनं दहा कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून दिल्या. कुणाचं काम अडू नये म्हणून. सगळेच देतात, तिच्या आधीचाही द्यायचा. फॉर्म मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलाच्या खणात राहायचे, लागेल तो काढायचा.

“कोऱ्या कागदावर सही!” गुंडेराव खुर्चीतून उठलेच. “इंजिनिअर झालीस ना गं? घरी बापाला तरी विचारायचं हुतंस! कोऱ्या कागदावर सही करून त्याचं रान गेलं असतं, तर त्याला काय म्हणली असतीस?”

ती रडली नाही. गुंडेरावांना तिचीही चीड आली आणि दयाही आली. आत जाऊन त्यांनी पाणी आणून दिलं. असल्या चौकशीत कर्मचाऱ्याच्या बाजूनं बोलायला निवृत्त माणूस चालतो, कागद बघायचाही त्याला हक्क असतो. तिथंच उभ्या उभ्या त्यांनी तसा अर्ज तिच्याकडून लिहून घेतला.

रविवारी सकाळी ते बाबूलालच्या कॉम्प्लेक्सवर गेले. काम बंद होतं. गवंडी हणमंतप्पा आपली थापी-ओळंबा पोत्यात भरत होता. अहवालात त्याचंही नाव होतं: तपासणीच्या वेळी मिस्त्री हणमंतप्पा हजर.

“डिसेंबरात?” हणमंतप्पानं कपाळाला आठ्या घातल्या. “डिसेंबरात स्लॅबची सळई कुठली आलती, अण्णा? तवा खांबं चालू हुते की. स्लॅब टाकला संक्रांतीच्या पुढल्या आठवड्यात. बावीस तारीख. त्या दिवशी सगळ्या गड्यांना गोड हुग्गीचं जेवण हुतं. इरम्मानं पोरीसाठी डब्यात नेलती.”

“मॅडमनी नोटीस चिकटवलती का?”

हणमंतप्पानं इकडं-तिकडं बघितलं. “चिकटवलती. लई भांडल्या त्या शेटसंगं. त्या गेल्या आन् शेटनं कागद फाडला. पण हे मी चौकशीत बोलणार न्हाई, आधीच सांगतो. हिथलं कोण काम दील मला?”

तेवढ्यात बाबूलाल स्वतः मोटारीतून उतरला. पांढरेशुभ्र कपडे, गालात पान. “गुंडेरावजी! या की, उन्हात कामून उभारलाव?” त्यानं हसत हात जोडले. “मला लई वाईट वाटायलंय त्या बाईचं. पण मी काय करू? मला सरकारनं लिहून दिलं, सगळं बरोबर हाय म्हणून. मी अडाणी माणूस. इंजिनिअरनं बघितलं, सही केली. आता इंजिनिअरला विचारा.”

बोलता बोलता त्यानं पायानं एक विटेचा तुकडा बाजूला सारला. त्याखाली इरम्माच्या भाकरीचा वाळलेला कुटका होता. त्याचं लक्षही गेलं नाही. गुंडेराव तसेच निघाले.

३

दुपारी गुंडेराव पानावर बसले. समोर झेरॉक्स ठेवलेली. राजूबाईंनी आमटी वाढता वाढता कागदाकडं बघितलं.

“काय तारीख हाय म्हणलाव?”

“तीस डिसेंबर. सकाळी अकराची वेळ टाकलीय.”

राजूबाईंना इंग्रजी तारखेशी देणंघेणं नव्हतं. तिथीचं कॅलेंडर त्या वर्ष संपलं तरी फेकत नसत. मागं दुधाचा हिशोब असतो. खिळ्यावरच्या नव्याखालचं जुनं कॅलेंडर काढून त्यांनी डिसेंबरचं पान उलटलं आणि बोट ठेवलं.

“आवं, डोस्कं कुठं हाय तुमचं? ही तर येळवस!”

गुंडेरावांच्या हातातला घास ताटात पडला. येळवस! मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. बिदर, कलबुर्गी, पलीकडं लातूर-उदगीर, ह्या सगळ्या मुलखात त्या दिवशी गावात कुत्रं सुद्धा सापडत नाही. जो तो रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पूजा करायची, भज्जी-आंबील-उंडे खायचे, आणि ज्याला रान नाही त्यानं दुसऱ्याच्या रानात हक्कानं जेवायला जायचं. त्या दिवशी कुठला गवंडी थापी धरतो आणि कुठला गडी सळई वाकवतो? पण येळवस लक्षात राहते ती अमावस्येनं. इंग्रजी तारीख दर साली पळते, ती कोण ध्यानात ठेवणार?

“आन् ही पोरगी अकरा वाजता आपल्याच रानात हुती,” राजूबाई म्हणाल्या. “माझ्या शेजारी बसून उंडे वळत हुती की. सगळं ऑफिस आलतं. तुमच्या टेबलावरचा व्यंकट आलता. त्याच्या किल्ल्यांचा जुडगा आंबिलीच्या डेऱ्यात पडला, आन् आख्खी आंबील दुसऱ्या भांड्यात काढावी लागली, इसरलाव व्हय?”

गुंडेराव मोठ्यानं हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. शैलश्री सुटल्यातच जमा होती! आणि हा कागद ज्यानं बनवला त्याला येळवस ठाऊक नव्हती, म्हणजे तो ह्या मुलखातला नव्हता. ऑफिसात असा माणूस एकच. मुख्याधिकारी महेशकुमार, म्हैसूरकडचा. आणि सह्या केलेले कोरे फॉर्म त्याच्याच तर खणात होते.

४

महेशकुमार तरुण होता, तब्येतीनं बारीक, आणि चेहऱ्यावर कायम पोट बिघडल्याचा भाव. हुलसंगीत येऊन त्याला तीन महिने झाले होते. सोमवारी सकाळी गुंडेरावांनी त्याच्यापुढं झेरॉक्स ठेवली आणि कन्नडातच विचारलं, “साहेब, तीस डिसेंबरला काय असतं हो इकडं?”

“मला काय माहीत? मी फेब्रुवारीत आलो.”

“येळवस.”

“म्हणजे?”

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. गुंडेरावांनी समजावून सांगितलं, डिसेंबरात नुसते खांब होते आणि स्लॅब बावीस जानेवारीला पडला हेही सांगितलं, आणि मग सरळ विचारलं की कोरे फॉर्म तुमच्याच खणात होते ना. महेशकुमार चिडला नाही. त्यानं खण ओढून दाखवला. खणाला कुलूपच नव्हतं. आत फॉर्म होते, डिंकाची बाटली होती, कुणीतरी ठेवलेली अर्धी तंबाखूची पुडी होती.

“हे ऑफिस आहे का धर्मशाळा, तुम्हीच सांगा,” तो म्हणाला. “माझ्या टेबलात कोण हात घालतो मला कळत नाही. फेब्रुवारीपासून बांधकामाचं विकास शुल्क वाढलं. नव्या दरानं किती अर्ज आले असतील? एकही नाही! जो तो म्हणतो, माझा अर्ज जानेवारीतलाच आहे, आवक नंबर बघा. बघतो तर खरंच नंबर असतो. एवढंसं गाव, आणि डिसेंबर-जानेवारीत अर्ध्या गावानं घरं बांधायला काढली?”

ह्या वाक्यात काहीतरी होतं, आणि ते गुंडेरावांना आवडलं नाही.

महेशकुमारनं झेरॉक्स हातात घेतली. “आणि मला एक सांगा. मला खोटा अहवाल करायचा असता, तर मी स्लॅबच्या आदल्या दिवसाची तारीख टाकली असती. एकवीस जानेवारी. शोभली असती. इमारतीला नुसते खांब असताना स्लॅबची सळई तपासली, असं कोणतं गाढव लिहील? मला तुमची येळवस माहीत नसेल, पण खांब आणि स्लॅब यातला फरक कळतो.”

खरं होतं. परक्या माणसाला कुठलीही तारीख मोकळी होती, त्यानं शोभेल तीच घेतली असती. आणि गावातल्या माणसानं येळवसची घेतली नसती. मग ही तारीख घेतली कुणी? ज्याला दुसरी तारीख शिल्लकच नव्हती, त्यानं.

गुंडेरावांनी झेरॉक्स परत घेऊन घडी केली. तारखा कुठं शिल्लक राहतात आणि कुठं संपतात, हे जगात फार थोड्यांना माहीत होतं.

“साहेब,” ते हळू आवाजात म्हणाले, “मला आवक रजिस्टर बघायचंय.”

५

आवकचं टेबल अजून तिथंच होतं, खिडकीपाशी. टेबलामागं व्यंकट. गुंडेरावांच्या हाताखाली बावीस वर्षांपूर्वी लागलेला, आता स्वतः पन्नाशी उलटलेला. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कपाट उघडलं.

“बघा की अण्णा. तुमच्याच पद्धतीनं चालवायलोय सगळं.”

गुंडेरावांनी जानेवारीचं पान उघडलं. अक्षर व्यंकटचं, नीट, ठाशीव. प्रत्येक दिवसाची नोंद सरळ एका शाईत चालत आलेली, आणि प्रत्येक दिवसाच्या तळाच्या शेवटच्या दोन ओळी दुसऱ्याच पेनातल्या. दोन जानेवारी, तळाला दोन ओळी, निळसर. तीन जानेवारी, तळाला दोन ओळी, काळ्या. पंधरा, सोळा, एकवीस. एकही दिवस सुटला नव्हता. सगळ्या बांधकामाच्या परवानग्या. मग त्यांनी डिसेंबर उलटला. तेच. ओळी भरलेल्या, नंबर जुळलेले.

तीस डिसेंबर. पानावर नुसती तारीख, त्या दिवशी एकही कागद आलेला नाही. खाली दोन ओळी. पहिलीत शैलश्रीचा अहवाल. दुसरीत नुसता नंबर, पुढं कोरं.

बाकी सगळ्या ओळी विकल्या गेल्या होत्या. जुना दर मिळावा म्हणून गावानं तारखा विकत घेतल्या होत्या, डाळ-तांदूळ घ्यावेत तशा. येळवसला मात्र गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. आपण त्या दिवशी रानात होतो हे गिऱ्हाइकाला स्वतःलाच माहीत असतं. त्या तारखेला ऑफिसात अर्ज दिला म्हणून कोण सांगणार? म्हणून ती उरली. आवक नंबराशिवाय अहवाल खरा ठरत नाही, आणि परवाच्या बुधवारी बाबूलाल धावत आला, तेव्हा व्यंकटकडं द्यायला तेवढीच होती.

गुंडेरावांनी रजिस्टर मिटलं. “कामून केलास रे?”

व्यंकटनं चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. “काय, अण्णा?”

“येळवसला ह्या कपाटाच्या किल्ल्या माझ्या रानात आंबिलीच्या डेऱ्यात हुत्या. तुझ्या बायकोनं धुतल्या. मग त्या दिवशी हा कागद रजिस्टरला चढवला कुणी? आन् जुनी फाइल कुठं हाय? पोरीची नोटीस कुठं हाय?”

व्यंकट खिडकीतून बाहेर बघत, जणू हवापाण्याची गोष्ट सांगावी तसा म्हणाला, “बंबात गेली. पाणी तापवायला.”

“एक बाई मेलीय, व्यंकट!”

“बाई मेली ती मी मारली व्हय? ती पडणारच हुती बिल्डिंग. आता एक पोरगी आत जाईल, दोन वर्सांनी सुटंल. तिला पुढं लई नोकऱ्या हायेत. मला चार वर्सं ऱ्हायलीत पेन्शनीला.” चहावर साय धरली होती, ती त्यानं बोटानं काढून टेबलाच्या पायाला पुसली. “आन् अण्णा, तुमी कुणाला बोलायलाव? दिवसाच्या खाली दोन वळी मोकळ्या सोडायच्या, नंबर टाकून ठिवायचे, कुणाची नड पडली तर उपेगी येतेत. हे मला कुणी शिकवलं?”

गुंडेरावांनी चहाचा कप बाजूला सारला.

“अठ्ठ्याण्णवचं रजिस्टर अजून रेकॉर्डात हाय. जूनचं पान. शेवटची वळ कुणाच्या घराची, ते मी पयल्या वर्सालाच बघितलंय. बोला की गुरुवारी, खुशाल बोला. रिकाम्या वळी म्हंजे काय ते समजावून सांगावं लागंल न्हवं? मग कुणी विचारलं, तुमाला कसं ठाऊक, तर काय सांगताव?”

६

अशी पहिली ओळ गुंडेरावांनी एका मास्तरासाठी काढली होती. मास्तरांचा अर्ज एक दिवस उशिरा आला होता, परवानगी बुडत होती, मास्तर टेबलापाशी रडकुंडीला आले होते. गुंडेरावांनी आदल्या दिवसाच्या तळाला जागा करून दिली, आणि मास्तरांनी आशीर्वाद दिले. किती बरं वाटलं होतं तेव्हा! एक पैसा घेतला नव्हता. मग वाटलं, रोजच दोन ओळी सोडाव्यात, कुणाचं तरी भलं होईल. मग स्वतःचं घर काढलं. गल्लीवर सज्जा काढायला बंदीचा नियम नुकताच लागला होता. नियमाच्या आदल्या तारखेची एक ओळ होती मोकळी.

सव्वीस वर्षं ते त्या सज्जाच्या सावलीत बसून गावाला नावं ठेवत होते. बाबूलालच्या नावानं थुंकत होते. आता सकाळी खुर्ची तिथं टाकवेना. उन्हात टाकली. राजूबाईंनी विचारलं, काय होतंय. त्यांनी सगळं सांगितलं. राजूबाईंनी वर तुळशीकडं बघितलं.

“तुमची पेन्शन जाईल का?”

“जाईल बी.”

“पोरीला आत घालणार हायेत ते?”

“घालणार.”

“मग विचारायलाव काय मला?” असं म्हणून त्या आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच आपटली.

गुरुवारी नगरपालिकेच्या हॉलमध्ये चौकशी बसली. बिदरहून आलेल्या चौकशी अधिकारी बाई होत्या, केस पांढरे, बोलणं तोडून. एका बाजूला शैलश्री, समोर महेशकुमार, मागच्या खुर्चीत बाबूलाल, आणि रजिस्टर घेऊन उभा व्यंकट. दाराशी हणमंतप्पा, बोलावलं म्हणून आलेला.

गुंडेरावांनी आधी येळवस सांगितली. बाई कलबुर्गीच्या होत्या, त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही; त्यांनी लगेच झेरॉक्स हातात घेतली. मग आंबिलीच्या डेऱ्यातल्या किल्ल्या सांगितल्या. व्यंकट शांतपणे म्हणाला, “नोंद दुसऱ्या दिवशी केली असंल, मॅडम. मागली तारीख पडली. लिहिण्यात चूक झाली.”

“होऊ शकते,” बाई म्हणाल्या.

बाबूलालनं पाय पसरले. शैलश्रीनं गुंडेरावांकडं बघितलं. व्यंकटनंही बघितलं, आणि त्याच्या नजरेत धमकी नव्हती, नुसती खात्री होती. हा माणूस बोलणार नाही, अशी.

“चूक न्हाई, मॅडम,” गुंडेराव म्हणाले. “जानेवारीचं पान उघडा. प्रत्येक दिवसाच्या खालच्या दोन ओळी बघा. पेन येगळं हाय. त्या रिकाम्या सोडलेल्या ओळी हायेत. मागून भरलेल्या. दर वाढल्यावर सगळ्या खपल्या, येळवसची तेवढी उरली. म्हणून स्लॅबचा हा अहवाल नुसती खांबं उभी असतानाच्या तारखेचा झाला. बाहेरच्याला ही तारीख घ्यायची गरज न्हवती. घेतली ती ज्याच्या हातात रजिस्टर हाय त्यानं.”

बाईंनी पानं उलटली. एक, दोन, पाच. त्यांचा चेहरा हळूहळू आंबट झाला. “रिकाम्या ओळी सोडतात, हे तुम्हाला कसं ठाऊक?”

“मीच सोडायचो,” गुंडेराव म्हणाले. “रेकॉर्डातून अठ्ठ्याण्णवचं रजिस्टर मागवा. जून. शेवटच्या ओळीत माझ्या घराची परवानगी हाय, अक्षर माझं. ह्याला मीच शिकवलं. त्यानं विकल्या, मी वाटल्या, एवढाच फरक. इरम्माच्या अंगावर जो सज्जा पडला, त्याची पहिली वीट कुणाची म्हणाल, तर ती माझी.”

व्यंकट खुर्ची धरून खाली बसला. तोंडानं नुसतं “अण्णा, अण्णा” करत राहिला. बाबूलालनं पाय आवरले आणि फोन काढला, पण बाईंनी शिपायाला सांगून तो टेबलावर ठेवायला लावला. आणि दाराशी उभा असलेला हणमंतप्पा, कुणी विचारलं नसताना, पुढं आला. “मॅडमनी नोटीस लावलती. शेटनं माझ्यासमोर फाडली. लिहून घ्या,” तो म्हणाला. “काम मिळू दे, न्हाई तर न मिळू दे.”

शैलश्री त्या दिवशी सुटली. ओळी मात्र शंभरावर निघाल्या. त्यांत देवभोळे होते, पुढारी होते, दवाखानेवाले होते, शाळावाले होते. अर्धं गाव गुंडेरावांशी बोलेनासं झालं. ज्यांनी तारखा घेतल्या तेच ‘म्हातारपणी बुद्धी फिरली’ म्हणू लागले. इरम्माच्या पोरीची चौकशी करायला मात्र त्यांतलं कुणी गेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी दारात शैलश्री उभी होती. कामावर परत घेतलेली. हातात टेप आणि पावतीचं पुस्तक. आभार मानायला आली असेल असं राजूबाईंना वाटलं. त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

“काका, यादीत पहिलं नाव तुमचं हाय,” ती म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. “सज्जा मोजायचा हाय. पाडायची नोटीस द्यावी लागंल.”

“दे की,” गुंडेराव म्हणाले. “मी काय न्हाई म्हणलो?”

“मग टेपचं दुसरं टोक धरा.”

त्यांनी धरलं. राजूबाईंनी वर जाऊन तुळस उचलली आणि आत नेली. चार फूट तीन इंच. शैलश्रीनं आकडा लिहिला, खाली आजची तारीख घातली, ती दोनदा वाचली, आणि मगच सही केली. मग पुस्तक पुढं केलं. गुंडेरावांनी ‘नोटीस मिळाली’ लिहून सही केली.

सहीच्या खाली दोन बोटं जागा कोरी राहिली होती. गुंडेरावांनी पेन परत दिलं नाही. त्या जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी रेघ मारली, आणि मग पुस्तक तिच्या हातात दिलं.